टेकूमास्तर आणि पाण्याची खोली

टेकूमास्तर कधी नुसते उभे राहिलेले मला आठवत नाहीत. वर्गात फळ्याला, व्हरांड्यात खांबाला, रस्त्यात कुणाच्याही कुंपणाला ते पाठ टेकत. तरुणपणी सरकारी बांधकामावर परांचीवरून पडून त्यांचा पाय अधू झाला, आणि मग ते सोलापुरात आमच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायला आले. नाव पोरांनी ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं. "बरोबर आहे की," ते म्हणत, "काम होईपर्यंत टेकू लागतो. झालं की पहिल्यांदा तोच काढतात."

इंग्रजी सहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्षी, आम्ही तिघांनी त्यांना सांगितलं, आम्हाला आर्किटेक्ट व्हायचंय. मी, वकिलांचा विष्णू आणि गंगाराम. गंगाराम अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या वस्तीतून येई. त्याचे वडील रेल्वेच्या रुळांसाठी खडी फोडत. आम्ही घुमट आणि मनोरे काढून नेले होते. मास्तरांनी ते बराच वेळ पाहिले. "छान आहेत. पण यात माणसानं पाणी कुठं प्यायचं?"

शाळेला तेव्हा पाण्याची खोली हवीच होती. मास्तरांनी परवानगी काढली आणि दर शनिवारी दुपारी आम्हाला मैदानाच्या कोपऱ्यात उन्हात उभं केलं. काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं. "काळ्या मातीवर विश्वास टाकू नका. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते." पहिली भिंत कंबरेएवढी आली तेव्हा त्यांनी ओळंबा सोडला. बोटभर कललेली होती. "पाडा," एवढंच म्हणाले. विष्णू रडला. मास्तर विटांच्या ढिगाला टेकून बसले होते. "दमलात? मीही दमलोय. आता तुम्हाला भिंत कळायला लागली."

दुसरी भिंत जवळजवळ एकट्या गंगारामनं उचलली. त्याचा हात आमच्यापेक्षा कितीतरी चांगला होता. नकाशा मात्र माझा निवडला गेला. खिडकीखाली एकच लांब ओटा, त्यावर दहा माठ, गर्दी होऊ नये म्हणून दोन दारं. मी तो नकाशा गुंडाळी करून सगळीकडे मिरवत असे.

काम संपत आलं तेव्हा शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ पाहायला आले. खूश झाले. जाता जाता म्हणाले, "त्या पोरांसाठी बाहेरच्या अंगाला वेगळा ओटा काढा."

"ही भिंत गंगारामनं बांधलीय," मास्तर म्हणाले. "चुन्यासाठी पाणीसुद्धा त्यानंच ओढलं."

"भिंतीचं काही नाही हो. प्यायच्या पाण्याचं म्हणतोय."

नकाशा माझ्या हातात होता. नकाशात तसा ओटा नाही, असं मला म्हणता आलं असतं. मी पायाशी पडलेली थापी पाहत राहिलो. शेवटी गंगारामच बोलला. "वटा म्याच बांदतो, मास्तर. सरळ तरी व्हईल."

मास्तरांनी डोळे मिटले. "बांध," म्हणाले.

दोन शनिवारांत त्यानं ओटा बांधला. विष्णू सहामाही परीक्षा जवळ आल्याचं सांगून फिरकला नाही. मी पहिल्या शनिवारी थोड्या विटा वाहिल्या. दुसऱ्या शनिवारी गेलो नाही.

खोली सुरू झाली त्या दिवशी मधल्या सुट्टीत मास्तर लंगडत बाहेरच्या ओट्याशी गेले. "गंगाराम, पाणी घाल." त्यानं माठातून तांब्या भरला आणि मास्तर ओंजळीनं प्यायले. सगळी शाळा पाहत होती. मग ते रोजच तिथं जाऊ लागले. बाकीचे मास्तर त्यांच्याजवळ डबा उघडेनासे झाले. वर्ष संपताना कमिटीनं त्यांना कळवलं, पुढल्या वर्षी गरज नाही. मी मात्र शेवटपर्यंत आतलंच पाणी प्यालो.

ते जेऊरला आपल्या भावाकडे राहायला निघाले, तेव्हा स्टेशनवर गंगाराम आणि मी दोघेच होतो. ट्रंक आत ठेवून मी म्हणालो, "मास्तर, तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"तू पोरगा होतास," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार थकलेला होता. "बाहेरचं पाणी प्यालो म्हणून लोक मला मोठा म्हणतील. पण आधी मी 'बांध' म्हणालो, रे." मग गंगारामकडे वळून त्यांनी हात जोडले. गंगारामनं ते चटकन धरून खाली केले. "असं नका करू, मास्तर," एवढंच तो म्हणाला. गाडी हलली.

पुढं पत्रं लिहायची राहून गेली आणि मग मास्तर गेल्याचं कळलं. गंगाराम मॅट्रिक होऊन रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायला लागला. मी मुंबईला शिकून आर्किटेक्ट झालो. आता माझं वय मास्तरांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. घर बांधणारे लोक अजून सांगतात, मोलकरणीसाठी मागच्या बाजूला वेगळा नळ काढा. मी नाही म्हणतो, आणि कधी कधी काम जातं. मागच्या उन्हाळ्यात एकदा फार थकलो होतो, वाद घालायचं त्राण नव्हतं. काढून दिला. मग न राहवून गंगारामला पत्र लिहून ते कळवलं.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.