चाकू हातात देऊ नये

आमच्या ह्यांना राग येत नाही. लोक म्हणतात, सुनंदाबाई, नशीबवान आहात. कसलं डोंबलाचं नशीब? ह्यांच्या वाटणीचं रागावणंसुद्धा चाळीस वर्षं मलाच करावं लागतंय.

नागोजी त्यांचं नाव. इकडे कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात रिक्षाच्या सीटा शिवायचं दुकान होतं, गुडघे गेले म्हणून बंद केलं. पण रेक्झिन कापायचा मिटता चाकू काही सुटला नाही. काळ्या शिंगाची मूठ, लोखंडी पातं घासून घासून निम्मं राहिलेलं. शर्टाच्या आत बंडीच्या खिशात तो कायम. पार्सलची दोरी कापायला तोच, माझ्या सुईचा दोरा तोडायलाही तोच. संध्याकाळी पेरू कापणार, पहिली फोड मला देणार. मग पातं पुसून त्यावर खोबरेलाचं बोट फिरवणार, आणि काम नसतानाही उघडून, मिटून बघत बसणार. मी म्हणायची, माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलंत का? तर हसायचे.

त्यांचा नियम एकच. चाकू हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातोहात दिला तर भांडण होतं म्हणतात. माझी नि त्यांची भांडणं चाकूवाचूनच होतात, ते सोडा.

सुधींद्र माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. दीर-जाऊ दोघंही गेले तेव्हा तीन वर्षांचा होता. आम्हीच वाढवला, आम्हाला दुसरं कुणी नाही. त्याच्या पेन्सिलींना टोक ह्याच चाकूनं काढलं. लहानपणी दोन्ही हातांनी धरून अलगद जमिनीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "काका, उचला." आता कोरमंगलात मोठ्या कंपनीत आहे. लग्नाच्या आधी आला आणि म्हणाला, "काका, स्वल्प ऐका. माझे ऑफिसचे लोक येणार आहेत. ते हत्यार तेवढं घरी ठेवा."

"सरी, ठेवतो," हे म्हणाले.

हत्यार म्हणे! ज्यानं आंब्याच्या फोडी भरवल्या ते हत्यार झालं. मी बोलायला तोंड उघडलं तर ह्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. लग्नाला निघताना शर्ट घातला, आणि सवयीनं चाकू बंडीत गेलाच.

मल्लेश्वरमच्या कार्यालयात हळद लागली. हळद लागलेल्या नवरदेवानं लोखंड जवळ बाळगल्याशिवाय हलायचं नाही, ही आमच्यातली रीत. त्यासाठी कट्यार लागते, टोकाला लिंबू टोचलेली. फोटोवाल्यांनी एक सोनेरी, खडे लावलेली आणली होती. ह्यांच्या तानूआत्या लिंबू टोचायला गेल्या तर टोकच वाकलं. प्लास्टिकची निघाली. "लोखंड येईपर्यंत हा पाटावरून उठणार नाही," आत्यांनी बजावलं. भटारखान्यातल्या सुऱ्या सगळ्या स्टीलच्या. आत्यांना त्या चालेनात.

मग कानापर्यंत पिवळा झालेला सुधींद्र हळूच म्हणाला, "काका, आहे का?"

ह्यांनी त्याच्या सगळ्या ऑफिसासमोर शर्टाची बटणं सोडली, चाकू काढला आणि पाटासमोर ठेवला. सुधींद्रनं उचलला. आत्यांनी लिंबू टोचलं आणि सांगितलं, "घरी परत येईस्तोवर अंगावेगळा करू नकोस."

लग्नानंतर नवराबायको परस्पर विमानानं फिरायला गेली. चाकू त्याच्याकडेच. इकडे हे रोज पेरू आणायचे आणि ओट्यावर ठेवून द्यायचे. मी माझी सुरी दिली तर म्हणाले, "राहू दे, येईल आता."

परत आल्यावर दोघं भेटायला आली. मी चहाचे कप टीपॉयवर मांडत होते, आणि पहिल्यांदा विचारलं ते चाकूचं.

"अगं काकू, तो विमानतळावर तपासणीत निघाला. बॅगेतच राहिला होता. मग तिथल्या पेटीत टाकला."

"पोचवायला आलेले मित्र बाहेर उभे होते ना? त्यांच्याकडे द्यायचास."

"रांग सोडून परत जावं लागलं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांग! ह्या माणसानं तुझ्या शाळेच्या फॉर्मसाठी पहाटेपासून रांगा धरल्या, आणि तुला एक रांग सोडवली नाही? गरज सरो, वैद्य मरो. नव्या सुनेसमोर मी हे सगळं बोलले. मेघाश्री बिचारी खाली मान घालून बसली.

"काकू, जुनाच तर होता," सुधींद्र म्हणाला. "मी काकांसाठी नवीन आणलाय. परदेशी आहे, त्यात कात्रीसुद्धा आहे." त्यानं डबीतून लाल, चकचकीत चाकू काढला आणि थेट ह्यांच्या हातासमोर धरला.

ह्यांचे हात मांडीवरच होते.

"खाली ठेव," हे म्हणाले.

"हो हो, विसरलोच." त्यानं तो टीपॉयवर ठेवला आणि बघत राहिला. मीही बघत होते. ह्यांनी चाकूकडे पाहिलं, मग मेघाश्रीकडे वळून म्हणाले, "घे बाळ, चहा निवतोय."

सुधींद्रनं दोनदा चाकूकडे आणि दोनदा काकांकडे बघितलं. चहा संपला तशी दोघं गेली.

रात्री मी म्हटलं, "अहो, राग आला ना?"

"कसला राग," म्हणाले आणि कुशीवर वळले.

आता संध्याकाळी पेरू आणतात, तळहातांत दाबून फोडतात आणि मोठा तुकडा मला देतात. टीपॉय मी रोज पुसते, पण चाकूच्या कडेकडेनं. तो जिथं ठेवला तिथंच आहे. ह्यांनी उचललेला नाही.