नागलक्ष्मीचं माप

तंजावूरच्या वीज खात्यातून निवृत्त झालेल्या सीतारामरावांना जेवणाबद्दल दोन शब्द सांगायची कुणाची छाती नव्हती. सरकारने छापलेला आहाराचा तक्ता त्यांनी सहा वर्षांपूर्वी भिंतीला चिकटवला आणि तेव्हापासून तोच त्यांचा देव. अर्धं ताट भाज्या-फळं, डाळ तोलून, तेल चमच्याने, भात मूठभर. "हे पाळा आणि नव्वदी गाठा!" तिरुवैयारुहून येणाऱ्या पाहुण्यांचीही यातून सुटका नव्हती. बरं, माणूस खोटं बोलत नव्हता. सत्तरीतही त्यांना ना साखर, ना रक्तदाब.

सोमवारी त्यांची बायको नागलक्ष्मी न्हाणीघरात कोसळली. इस्पितळात नेल्यावर कळलं, साखर कितीतरी वर्षांपासून वाढलेली, कुणाला पत्ताच नाही. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेली होती.

"या रोज काय जेवतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

स्वतःची डाळ सीतारामराव ग्रॅममध्ये सांगू शकले असते. पण ही? ही त्यांच्या मागून जेवायची, आत, चुलीपाशी. बेचाळीस वर्षांत त्यांनी तिचं ताट पाहिलंच नव्हतं. अहो, घर ते केवढं! दोन पावलांवर तर होतं ते ताट.

"भात, अप्पा," मुलगी अखिला खाली मान घालून म्हणाली. "तुम्ही सोडलेला."

"सोडलेला कसा? मी कमी शिजवायला सांगितलं होतं!"

"तांदळाचं माप कसं कमी करायचं हो?" नागलक्ष्मी खाटेवरून म्हणाली. "सासूबाईंनी हातात दिलेलं. माप आटलं की घर आटतं, म्हणायच्या. शिजवायची तेवढाच. उरलेला टाकवत नव्हता. पाण्यात घालून ठेवायची, सकाळी लोणच्याशी खायची." मग जरा हसली. "पण तुमची तब्येत बघा की, कशी ठणठणीत!"

सीतारामरावांना ते हसू सोसवेना. ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. "माझं मूत्रपिंड घ्या. सहा वर्षं जपलंय मी."

बाईंनी हळूच नकारार्थी मान हलवली. नागलक्ष्मीचं हृदय शस्त्रक्रिया झेलणार नव्हतं.

"मग मी नव्वदी गाठून करू काय?" भर वॉर्डात त्यांचा आवाज फुटला. अखिलाने त्यांचा हात धरला.

नागलक्ष्मीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अहो, साडेबारा झाले," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"