भट्टीवर गेलेली पुस्तकं

सापगावच्या पुढे आमचं गाव. तिथल्या वाचनालयात छाया अठरा वर्षं ग्रंथपाल होती. मी समितीतला सगळ्यात जुना आणि बैठकीत न बोलणारा सभासद. लिहायचीही सवय नाही. पण तिच्याबाबतीत खरं काय ते मलाच ठाऊक आहे, म्हणून हे लिहितो. जमेल की नाही, माहीत नाही.

दिवाळी झाली की कातकरी वाडीतली माणसं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीतली गोदी चौथीपर्यंत शिकलेली. एकदा तिनं छायाला विचारलं, "बाई, भट्टीवर पोरांना वाचाया कायच नाय. चार पुस्तकं द्याल का?"

नियम असा, की अनामत भरलेल्या सभासदालाच पुस्तक द्यायचं, तेही पंधरा दिवसांसाठी. छायानं मला विचारलं. मी मान हलवली. तेव्हापासून दर दिवाळीला गोष्टींची पुस्तकं गोणीतून भट्टीवर जायची आणि लाल धूळ खाऊन परत यायची. एकही हरवलं नाही.

गेल्या पौषात ग्रंथालय खात्याचं पत्र आलं. वाचक कमी आहेत, मान्यता का काढू नये? छायानं फोनवर व्हिडिओ काढून फेसबुकवर टाकला. "ही आमची कपाटं बघा. मुलांची सगळी पुस्तकं वाचायला गेलीत. आमचं वाचनालय बंद करू नका." रिकाम्या कपाटांची तिला लाज नव्हती, अभिमान होता. मलाही तो व्हिडिओ आवडला.

दोन दिवसांत तो मुरबाडपर्यंत फिरला. खाली लोकांनी लिहिलं होतं, "पुस्तकंच नाहीत, वाचवायचं काय?" "बाईंनी रद्दीत घातली वाटतं."

बैठकीत अध्यक्ष सुरेंद्रभाऊ म्हणाले, "छायाताई, पुस्तकं कोणाकडं आहेत ते सांगा. आत्ता फोनवर टाकतो, तोंडं बंद होतील."

"वाचायला गेलीत."

"अवो, पण कोणाकडं?"

मागून समितीतला महादू हसला. "वाडीवाल्यांनी तर नाय ना उचलली? तसं असेल तर पोलीसच पाठवू भट्टीवर."

छायानं माझ्याकडे पाहिलं. मीच हो म्हटलं होतं, एवढं बोललो असतो तरी चाललं असतं. समोर चहाचा कप होता. मी तो उचलला.

तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली.

फाल्गुनात मान्यता गेली, वाचनालय बंद झालं. आता तिथं मंडपाचं सामान असतं. जूनमध्ये गोदी गोणी घेऊन आली, तर दाराला कुलूप. तिनं पुस्तकं माझ्या पडवीत मोजून ठेवली. "बाई कुठं गेल्या?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "शहापूरला." पुढचं सांगितलं नाही.

छाया शहापुरात झेरॉक्सच्या दुकानात काम करते. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम गेलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा मनात घोळवलं होतं. ती उठून बाहेर आली.

"आबा, एवढ्या उन्हात? गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो, आणि परत फिरलो.