युरोपभर रेंज होती

युरोपला जायचं हे आमच्या घरात तीन वर्षं नुसतं ठरत होतं. यंदा फेब्रुवारीत व्हिसाची अपॉइंटमेंट एकदाची मिळाली आणि मागे फिरायला कारण उरलं नाही. कुवेतहून जाणाऱ्या नवीन मंडळींसाठी सांगतो: शाळेच्या सुट्टीत जायचं असेल तर अपॉइंटमेंटच्या मागे चार-पाच महिने आधी लागा, सिव्हिल आयडीची, म्हणजे इथल्या ओळखपत्राची, मुदत तपासा आणि पगाराचं पत्र कंपनीकडून वेळेत काढून ठेवा. मी, बायको मेघा आणि तेरा वर्षांची लेक अन्वी. तीन रात्री पॅरिस, चार रात्री स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न, झुरिकहून परत. निघालो जूनमध्ये, म्हणजे कुवेतमधल्या आमच्या सालमियात दुपारी दार उघडलं की तंदूरपुढे उभं राहिल्यासारखं वाटतं त्या दिवसांत.

हा लेख मी खरं तर फक्त ई-सिमवर लिहिणार होतो. मुद्दे विमानातच काढून ठेवले होते. ते सगळे लिहितोच, पण बरोबर दुसरंही लिहावं लागणार आहे. ते गाळलं तर हे अर्धं खोटं होईल, आणि या प्रवासात मी पुरेसं खोटं बोललो आहे.

आधी ई-सिम. यात कार्डबिर्ड काही नसतं. ऑनलाइन विकत घ्यायचं, ईमेलवर चौकोनी कोड येतो, तो स्कॅन केला की फोनमध्ये दुसरी लाइन तयार. मी कोड ज्या फोनवर उघडला तोच फोन हातात घेऊन स्कॅन कसा करायचा म्हणून अर्धा तास डोकं खाजवत बसलो. अन्वी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट ओपन इट ऑन द लॅपटॉप." चार्टर्ड अकाउंटंट माणसाची घरातली किंमत एवढी. महिन्याभरासाठी वीस जीबी साधारण सात दिनारला पडलं. घेताना 'युरोप'च्या यादीत स्वित्झर्लंड आहे ना ते वाचा, काही प्लॅनमध्ये नसतं. घरच्या वायफायवरच बसवून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कुवेतच्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा, पण लाइन बंद करू नका. ई-सिमला स्वतःचा नंबर नसतो. बँकेचा ओटीपी जुन्याच नंबरवर येतो आणि व्हॉट्सअॅपही त्याच नंबरानं चालतं.

आता त्या जुन्या नंबराबद्दल. मी लातूरहून सोळा वर्षांपूर्वी इथं आलो तेव्हा माझा सिव्हिल आयडी व्हायला दोन महिने लागले. आयडीशिवाय सिम मिळत नाही. फरवानियाच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो, त्यात रत्नागिरीकडचे इब्राहिमभाई होते. अम्गराच्या बांधकाम सामानाच्या यार्डात ते स्टोअर सांभाळायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या आयडीवर सिम काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "घरी फोन लाव आदी. आई वाट बगत असल." असं एकमेकांच्या आयडीवर सिम घेणं इथं सर्रास चालायचं. "माझा आयडी झाला की बदलून घेऊ," असं मी म्हणालो होतो. सोळा वर्षं झाली, घर तीनदा बदललं, बँक, पगार, अन्वीची शाळा, सगळं त्याच नंबराला जोडलं गेलं आणि नंबर इब्राहिमभाईंच्याच नावावर राहिला.

संबंध मात्र ईदच्या मेसेजवर आले होते, तेही त्यांच्याकडून. पूर्वी मला नितीन म्हणायचे, मी गाडी घेतल्यावर नितीनसाहेब म्हणायला लागले. गेल्या वर्षी त्यांनी पुतण्याला कुठं नोकरी मिळेल का म्हणून विचारलं होतं. मी "सीव्ही पाठवा" म्हणालो आणि तो सीव्ही आजही न उघडता पडलेला आहे. तेव्हापासून त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की मी तोंड लपवायचो.

निघायच्या दिवशी विमानतळावर बॅगा टाकायच्या रांगेत होतो तेव्हा त्यांचा फोन आला. मला वाटलं, पुतण्या. उचलला नाही.

पॅरिस छान आहे, आणि पायांची वाट लावणारं आहे. उतरल्यावर ई-सिम चालू केलं, दोन मिनिटांत नेट आलं. शहरात फिरायला मेट्रोचा पास घ्या, सुटी तिकिटं महाग पडतात. मेघानं लातुरी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती, त्यावर दोन दिवसांचे नाश्ते निघाले. जेवणाला भारतीय चव हवीच असेल तर उत्तरेकडच्या मोठ्या स्टेशनामागे तमिळ लोकांची हॉटेलं आहेत, तिथं डोसा खिशाला परवडतो. मी प्रत्येक चौकातून व्हॉट्सअॅपला स्टेटस टाकत होतो. मनोरा, नदी, नदीवर मेघा, मनोऱ्यापुढे अन्वी. शुक्रवारी इब्राहिमभाईंचा आवाजी मेसेज आला. पाऊण मिनिटाचा होता. ऐकला नाही, परत गेल्यावर बघू म्हणालो.

रविवारी पॅरिसहून बासेलची गाडी धरली, तीन तासांची. तिकिटं महिनाभर आधी काढली तर निम्म्यात मिळतात. बासेलला गाडी बदलली की तासाभरात ल्युसर्न. सरहद्द ओलांडल्यावर नेट जाईल या भीतीनं मी फोनकडे बघत बसलो होतो. गेलं नाही. उलट नव्या देशात शिरल्याबरोबर त्याच मिनिटाला त्यांचा दुसरा आवाजी मेसेज टपकला. शेजारी बसलेल्या मेघानं विचारलं, "कोण रे?"

"कंपनीचं," मी म्हणालो.

ल्युसर्नला हॉटेलं डोळे पांढरे करतात. आम्ही स्टेशनपासून बसनं पंधरा मिनिटांवर स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं आणि सुपरमार्केटमधून तांदूळ, दही, भाज्या आणून रोज खिचडी केली. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या कारंजांचं पाणी पिण्यासारखं असतं. मुलांसाठी रेल्वेचं कार्ड मिळतं ते मागून घ्या, आईबापांबरोबर मूल जवळजवळ फुकट फिरतं. बुधवारी तळ्यातली बोट आणि डोंगरावर चढणारी रेल्वे, असा दिवस ठरवला. पास धक्क्यावर उभं राहून फोनवरच काढला. बँकेचा ओटीपी दहा सेकंदांत आला. आयुष्य किती सोपं झालंय, असं मी मेघाला म्हणालोसुद्धा.

बोट निघाली. वारा असा होता की अन्वीचे केस तोंडावर येत होते आणि ती चक्क हसत होती. तेरा वर्षांची मुलगी आईबापांबरोबर असताना हसली की बाप फोन काढतो. मी फोटो घ्यायला फोन धरला आणि फोटोवर इब्राहिमभाईंचं नाव आलं. व्हॉट्सअॅपचा कॉल. मी लाल बटण दाबलं आणि फोटो घेतला. लगेच स्टेटसला टाकला.

गुरुवारी झुरिकहून निघालो, शुक्रवारी सकाळी घरी पोहोचलो. दुपारी कपडे मशीनला लावून मेघा झोपली आणि मी ते मेसेज ऐकायला बसलो. पुतण्याला काय सांगायचं ते मनात तयार होतं.

पहिला: "नितीनसाहेब, सलाम. मी आता कायमचा गावी चाल्लोय. कंपनीन व्हिसाचा कॅन्सलेशन टाकलान. मंगलवारचा तिकीट हाय. तुमचा सिम माज्या आयडीवर हाय ना, माजा आयडी बंद झाला का तुमची लाइन जाईल. आदी तो तुमच्या नावावर करू. काउंटरला दोघांना जावा लागतो."

दुसरा, रविवारचा: "तुमचा फोन लागत नाय. कामात असाल. मी आमच्या मंदूबला बोललो, आठ दिवस थांब म्हणून. तिकीट पुडं ढकललाय. तुमी कलवा."

तिसरा बुधवारी आला होता, मी लाल बटण दाबल्यावर पाचच मिनिटांनी: "काय घाई नाय हो. सावकाश या. पोरीला फिरवा नीट."

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस. त्याला थांबवणं, त्याची बोलणी खाणं, हे कसं असतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मंगळवारी इब्राहिमभाई गेले असते तर बुधवारी धक्क्यावर ओटीपी आला नसता. आमचं स्वित्झर्लंड, सुपरमार्केटचं दही, परतीच्या गाडीचं तिकीट, सगळं त्यांनी तिकडं गरम यार्डात थांबून चालू ठेवलं होतं. आणि मी त्यांचा फोन कापत होतो. मला माझीच किळस आली.

फोन लावला. पहिलं वाक्य माफीचं असायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं: "इब्राहिमभाई, सॉरी, तिकडं नेटच नव्हतं हो. ते ई-सिम अगदीच भिकार निघालं."

"हां," ते म्हणाले. "परदेशात असा होतो."

शनिवारी त्यांना आणायला मी अम्गराला गेलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा. पत्र्याच्या केबिनीत त्यांनी मला एसीच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दाराशी उभे राहिले. दाढी पांढरी झाली होती, वाचायचा चष्मा गळ्यात दोरीला लावलेला. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तिकीट मंगळवारचंच का काढलं होतं? काही खास?"

"हिच्या डोल्याचा ऑपरेशन व्हता बुधवारी," ते म्हणाले. "मोतीबिंदूचा. एकटी भीत व्हती जरा. झाला बरा. बहिणीला नेलान बरोबर."

मी खुर्चीतून उठलो. बसवेना.

जहराच्या मॉलमध्ये काम वीस मिनिटांत झालं. (तुमचंही सिम दुसऱ्याच्या नावावर असेल तर आजच जा. दोघांचे सिव्हिल आयडी लागतात.) काउंटरवरच्या मुलीनं इब्राहिमभाईंना अरबीत समजावलं की सही केली की या नंबरावर तुमचा काही हक्क राहणार नाही. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला आणि सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "झाला तुमचा काम. मना आता झोप लागल."

गाडीत बसल्यावर एसी थंड व्हायची वाट बघत होतो. ते म्हणाले, "फोटू दाखवा की युरोपातले. तो बोटीवरचा. पोरीचे केस उडतायत तो. स्टेटसवर बगितला व्हता, पण तवा चष्मा नव्हता."

मी रोज पाच-सहा स्टेटस टाकत होतो आणि ते रोज बघत होते. मनोरा, नदी, रेल्वे, बोट. त्यांचा फोन कापल्यानंतर एका मिनिटात टाकलेला फोटोसुद्धा. आणि तरी काल फोनवर ते "हां, परदेशात असा होतो" म्हणाले होते.

मी फोटो काढून फोन त्यांच्या हातात दिला. म्हणालो, "इब्राहिमभाई, नेट होतं. सगळीकडे होतं."

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "माहीत हाय," ते म्हणाले. मग बराच वेळ बघून विचारलं, "ही बोट जाते कुटं?"

ते पुढच्या मंगळवारी गेले. विमानतळावर सोडायला येतो म्हणालो तर कंपनीची गाडी आहे म्हणाले. तरी मी गेलो, मेघाला सगळं सांगून तिलाही घेऊन गेलो. पुतण्याचा सीव्ही उघडला आहे, दोन ठिकाणी पाठवलाही आहे. त्यानं काही भरून येत नाही हे मला कळतं. त्यांच्या बायकोची ऑपरेशनच्या टेबलावरची ती वेळ मी बोटीवर खर्च केली, आणि हे कोणत्याही पैशात मोजून परत करता येत नाही. मेघा म्हणाली, "निदान आता फोन तरी करत जा." तिनं त्यांचा गावचा नंबर माझ्या फोनमध्ये घातला.

युरोपात काय राहिलं मनात, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी डोंगर सांगितले असते. ते आहेतच. पण मागच्या शुक्रवारी मी रत्नागिरीला फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. मागे कुणीतरी मसाला कुटत होतं, त्यांनी आवाज थांबवायला लावला आणि म्हणाले, "बोला नितीनसाहेब. काय काम व्हता?"

काम काही नव्हतं, हे सांगायला मला बराच वेळ लागला.