‘आणि बाकी?’ विचारणाऱ्या सिस्टर

सिस्टर खुर्चीत बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पर्स बसायची. त्या आपल्या उभ्या, नाहीतर चालता चालता कुणाच्या तरी दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत. बघून मलाच दम लागायचा. "सिस्टर, जरा टेका की वो," म्हटलं की म्हणायच्या, "टेकले की डोळा लागतो गं. मग तुमच्याकडे कोण बघणार?"

श्रीरामपुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यामागे त्यांची खोली होती, दर मंगळवारी उघडणारी. मला एचआयव्ही आहे, हे आधीच सांगून टाकते, उगाच आडपडदा नको. नवरा गेला तेव्हा कळलं. मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. हे तिथे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या हातची पोळी कुणी खाल्ली नसती. त्यामुळे माझा जीव कायम टांगणीला.

त्या खोलीच्या आधी काय हाल होते म्हणता! गोळ्यांसाठी नगरला जा, शुगर निघाली की तिच्यासाठी दुसऱ्या दारात, खोकला झाला की तिसऱ्या. झोप येत नाही, हे सांगायला तर दारच नाही. प्रत्येक ठिकाणी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगा, तेही चार लोकांच्या देखत. आणि प्रत्येक खेपेला वसतिगृहात नवी थाप. शेवटी थापा संपल्या आणि मी शुगरच्या गोळ्याच सोडून दिल्या.

सिस्टरांनी हे सगळं एका खोलीत आणलं. त्यासाठी किती साहेबांचे उंबरे झिजवले, देव जाणे. एचआयव्हीच्या गोळ्या, शुगर, बीपी, छातीची तपासणी, मनातलं बोलायला एक ताई, सगळं तिथेच. दारावर पाटी मात्र ‘शुगर-बीपी तपासणी’ एवढीच. गावातले शुगरवाले आजोबा, किराणा दुकानदार, मशिदीजवळच्या खाला आणि आम्ही, सगळे एकाच बाकावर. कोण कशाला आलंय, कुणाला पत्ता नाही.

गोळ्यांचं विचारून झालं की सिस्टरांचा ठरलेला प्रश्न, "आणि बाकी?" मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "बाकी काय न्हाई." त्या हलेचनात. "बाकी काही नाही, असं माणूस असतं का गं?" मग मी जी रडले! झोपेचं सांगितलं, सोडलेल्या गोळ्यांचं सांगितलं, सासूचंही सांगितलं.

खोलीला पैसे पुरवायची एचआयव्हीवर काम करणारी मुंबईची एक संस्था. तिथल्या मॅडम एकदा पाहणीला आल्या. पाटी वाचून त्यांना वाटलं, पत्ता चुकला, म्हणून कुणाला विचारावं या विचारात बाकावर बसून राहिल्या. नंबर आल्यावर सिस्टरांनी बोट धरलं आणि टोचलंसुद्धा! मॅडम घाईघाईने नाव सांगायला लागल्या तर म्हणे, "थांबा, बीपी राहिलंय." आम्हाला हसू आवरेना. नंतर मॅडमनी हळूच विचारलं, "यातले आमचे पेशंट कोणते?"

"तुम्हीच ओळखा."

मॅडमनी सगळा बाक न्याहाळला. "नाही ओळखता येत."

"अहो, त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!" सिस्टर म्हणाल्या.

बाई चांगली होती, पण तिच्या वरच्यांचा निरोप आला. पैसा एचआयव्हीसाठी आहे, शुगरवाल्यांसाठी नाही. खोली फक्त एचआयव्हीची ठेवा, दारावर तशी पाटी लावा, बाकीचं आमच्यात बसत नाही. अजून आठवलं तरी माझं डोकं फिरतं. रोगाला पैसा आहे, माणसाला नाही, हा कुठला न्याय? सिस्टरांनी आम्हा पेशंटांनाच एकेकाला आत घेऊन विचारलं. मी ताडकन म्हणाले, "त्या पाटीखालनं मी येनार न्हाई. मेले तरी न्हाई."

"मग नकोच तो पैसा," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर त्यांच्या पायाला भिंगरीच लागली. साखर कारखाना, आडतीची दुकानं, चर्च, मशिदीची कमिटी, जिथे जमेल तिथे हात पसरून आल्या. म्हणायच्या, "एचआयव्ही म्हटलं की लोक खिशातला हात काढून घेतात. मी शुगर म्हणते." खोली कशीबशी चालत राहिली. पण सिस्टरांचे पाय सुजायला लागले होते, आणि दर मंगळवारी मी फाटकापासूनच दार उघडं आहे का ते बघायची.

एका मंगळवारी बीपीचा पट्टा हातात असतानाच त्या कोसळल्या. त्यांचं स्वतःचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं. उजवी बाजू लुळी पडली. मुलाने त्यांना नगरला, सावेडीतल्या आपल्या घरी नेलं. ट्रस्टने मुकाट्याने संस्थेचे पैसे घेतले, पाटी बदलली आणि बाक ओस पडला. मीही दोन मंगळवार फाटकावरून परत आले.

मग सिस्टरांना भेटायला गेले. त्या खुर्चीत बसलेल्या होत्या. मला बघवेना.

"गोळ्या?" जड जिभेने त्यांनी विचारलं.

"संपत आल्यात."

"आणि बाकी?"

मी पाटीचं सांगून टाकलं. मग मीच विचारलं, "सिस्टर, तुमचं बाकी?"

"बसवत नाही गं," म्हणाल्या आणि डाव्या हाताने मला दाराकडे ढकलायला लागल्या. "जा. उद्या मंगळवार आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी त्या पाटीखालच्या बाकावर जाऊन बसले. आमच्या वसतिगृहाची भाजीवाली रस्त्याने गेली आणि थांबून बघून गेली. आता काय व्हायचं ते होवो. तेवढ्यात फाटकाशी तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई आली, तिने पाटी वाचली आणि वळली. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"चल गं. मी बी त्याच्यासाठीच आलेय."

ती माझ्या शेजारी बसली. गोळ्या कधी संपल्या, ते तिने खालमानेने सांगितलं. सांगून झालं तरी माझा हात काही सोडेना. तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "आनि बाकी?"