तिसऱ्या सिझरचा मालक

आमच्या गावात सिझर ही दवाखान्यातली गोष्ट नाही, गोठ्यातली आहे. आमच्या निळ्या-पांढऱ्या गाई मागून बघाव्यात तर गाय कसली, पैलवानच. बाजारात भाव मिळतो तो त्या मांड्यांना, आणि त्या मांड्यांमुळे वासराला बाहेर यायला वाटच उरत नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक वासरू पोट फाडून काढायचं. गाय उभी असते, डाव्या कुशीवर सुरी चालते, आणि गुरांचा डॉक्टर वासरू ओढत असताना शेतकऱ्यानं कोपरापर्यंत हात धुऊन गर्भाची पिशवी धरून ठेवायची.

माझ्या थोरल्या भावानं, युर्गेननं, अशा किती पिशव्या धरल्या असतील याचा हिशेब नाही. त्यामुळे त्याची बायको एव्हलीन गरोदर राहिली की तिच्या पोटावर दोन तज्ज्ञ हक्क सांगायचे. एक शहरातल्या डॉक्टर लिपेन्सबाई, दुसरे आमचे युर्गेनराव. बाईंनी नुसता अभ्यास केलेला, याला अनुभव.

एव्हलीन शेतकऱ्याच्या घरातली नाही. तिच्या आईबापांचं शहरात बेकरीचं दुकान. लग्नाआधी ती काउंटरवर उभी राहून गिऱ्हाइकांना हसून पाव द्यायची आणि पैसे कमी देणाऱ्याला तितकंच हसून पकडायची. आमच्या घरी आल्यावर हसणं राहिलं, पकडणं गेलं.

लोट्टे आणि यिन्ते या दोन्ही मुली सिझरनं झाल्या. तिसऱ्या खेपेला युर्गेननं स्वतः लक्ष घालायचं ठरवलं, म्हणजे आधी घालत नव्हता असं नाही. दवाखान्यात तो "आम्हाला मळमळतं", "आमच्या पायाला सूज आहे" असं सांगायचा. एव्हलीननं तोंड उघडलं की "थांब, मी नीट सांगतो." न्हाणीघरातला वजनकाटा खोटं बोलतो म्हणून दर रविवारी, कॉफी-केक झाल्यावर, तो तिला अंगणात वासरांच्या काट्यावर उभी करायचा. पाहुणे असले तर पाहुण्यांदेखत. पाहुणे हसायचे. तीही हसायची. एकदा कुणीतरी विचारलं, किलोला काय भाव? युर्गेन म्हणाला, "हाडं जास्त आहेत, विचार करून घ्या."

आठव्या महिन्यात तारीख ठरवायला ती दोघं डॉक्टरकडे गेली. गाडी मी चालवत होतो, कारण कॅफेतून बिअर पिऊन घरी येताना युर्गेनला पोलीस भेटले होते आणि त्याचं लायसन्स त्यांच्याकडे राहिलं होतं. मी खाली गाडीत बसलो. परत आला तो युर्गेन खुशीत. बाईंनी गुरुवार दिला होता, त्यानं मंगळवार करून घेतला, कारण गुरुवारी त्याच्या चार गाई प्रदर्शनात जायच्या होत्या.

एव्हलीन मागच्या सीटवर बसली. गाव जवळ आल्यावर म्हणाली, बाईंनी आणखी एक सांगितलंय. जुन्या टाक्यांच्या जागी पिशवी कागदासारखी पातळ झालीय. चौथं पोर राहिलं तर ती फाटू शकते, आणि फाटली तर आई वाचेलच असं नाही. पोट उघडलेलं असतानाच नळ्या बांधून टाकता येतील.

"बघू," युर्गेन म्हणाला. "मुलगा झाला तर बांधू."

"आणि मुलगी झाली तर?"

"तर शेत काय कुणा बेकरीवाल्या जावयाला देऊ?"

एव्हलीन अगदी सरळ आवाजात म्हणाली, "तीन वेळा फाडलेली गाय तू परत भरवत नाहीस."

खरं होतं ते. आमच्याकडचा कुणीच अशा गाईला परत गाभण राहू देत नाही. आतड्यांना पिशवी चिकटते, गाय हाताखाली मरते. मला वाटलं, पकडलं हिनं. बेकरीतल्यासारखं पकडलं.

"नाही भरवत," युर्गेन म्हणाला. "खाऊ घालून कसायाला विकतो. तुला कोण घेणार सांग." आणि हसत माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "काय रे, चुकलं माझं?"

पुढे बीटानं भरलेली ट्रॉली चालली होती. मी ट्रॉलीकडे बघत राहिलो.

दोन दिवसांनी एव्हलीन मला म्हणाली, आईकडे सोड. बेकरीच्या मागच्या खोलीतून तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला. परतीच्या वाटेवर मला सगळं सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. नवऱ्याची परवानगी लागत नाही. बाईंनी तिचा होकार घेतला होता. पण त्या म्हणाल्या, ऐन वेळी मी तुला पुन्हा एकदा विचारणार, तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी बांधत नाही. मन बदललं तर बदललं.

"त्याला बाहेरच बसव ना मग," मी म्हटलं.

"तो बाहेर बसेल?"

नसता बसला. पडद्यावरून वाकून बघायचं त्यानं केव्हाच जाहीर केलं होतं. माणसाची पिशवी गाईपेक्षा किती लहान असते यावर कॅफेत पैज लागली होती. म्हणजे आडवं पडून, छातीखालचं सगळं बधिर, उशाशी युर्गेन, अशा अवस्थेत एव्हलीननं एक शब्द मोठ्यानं बोलायचा होता. आठ वर्षांच्या संसारात जमलं नव्हतं ते.

पुढचं मला तिनंच सांगितलं, आणि तिला वाढवून सांगायची सवय नाही.

मंगळवारी कमरेत सुई दिली, पडदा लावला. युर्गेन हिरवा डगला घालून तिचा हात धरून बसला, आणि सुरी लागताच उठून उभा राहिला. आडवा छेद का घेतला, आम्ही उभा घेतो, असं त्यानं बाईंना विचारलं. नर्सनं त्याला खाली बसवलं. तो पुन्हा उठला. तेवढ्यात पोर बाहेर आलं.

मुलगी.

"बरं," युर्गेन म्हणाला आणि खाली बसला. आता कुणी बसवायची गरज लागली नाही.

पडद्यापलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "एव्हलीन, आपलं बोलणं झालं होतं. नळ्या बांधू का?"

"कसलं बोलणं?" युर्गेन म्हणाला. "ते आम्ही घरी ठरवू, मॅडम."

"मी तिला विचारतेय."

तेव्हा तो तिच्या कानाशी वाकला. गोठ्यात सुरी चालताना गाईच्या कानाशी वाकून तो जे म्हणतो तेच, त्याच हळू आवाजात, म्हणाला. "शांत. शांत, पोरी. उभी राहा."

एव्हलीन म्हणाली, "बांधा."

"हिला सुई चढलीय. हिला काय कळतंय."

बाईंनी पुन्हा विचारलं.

"बांधा," ती म्हणाली. "दोन्ही."

त्यानं तिचा हात सोडला. नर्सनं पोर तिच्या छातीवर ठेवलं, ते त्यानं बघितलं नाही. ती दवाखान्यात होती तितके दिवस त्याला गोठ्यात काम होतं. प्रदर्शनात त्याच्या एका गाईला दुसरं बक्षीस मिळालं, त्याचा फोटो मात्र त्यानं तिला पाठवला.

पोर घरी आल्यावर बघायला माणसं आली. आमच्याकडे पाहुण्यांना साखरेत घोळवलेले बदाम देतात. ते निळे होते, म्हणजे मुलाचे, युर्गेननं आधीच घेऊन ठेवलेले. शेजारच्या खोडेलीव्हमावशी दोन तोंडात टाकून म्हणाल्या, तिसरीही मुलगीच का, मग आता चौथ्याचा विचार?

मी कपाकडे बघितलं. एव्हलीन पोराला पाजत होती.

"नाही," युर्गेन म्हणाला. "मी तिथंच डॉक्टरला सांगितलं, बास झालं, बांधून टाका. हिची पिशवी मी डोळ्यांनी बघितली ना. कागद झालाय नुसता. ही म्हणत होती, राहू दे, तुला मुलगा हवाय. बायकांना काय कळतं. शेवटी मलाच ठरवावं लागलं."

खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींचे डोळे भरून आले. "नशीबवान आहेस गं एव्हलीन," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी मला सात बाळंतपणं करायला लावली, एकदा विचारलं नाही."

युर्गेननं बायकोकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या बोलण्याची वाट बघत होता.

"हो," एव्हलीन म्हणाली. "त्यानंच ठरवलं."

तो मोकळा झाला. केक कापायला लागला, मावशींना मोठा तुकडा दिला, वर सल्लाही दिला. महिन्याभरात कॅफेतली दोन माणसं आपापल्या बायकांबद्दल त्याला विचारायला आली. आता या विषयात तो लिपेन्सबाईंच्याही वरचा डॉक्टर आहे.

त्या दिवशी कप धुवायला मी स्वयंपाकघरात गेलो, मागून ती आली. मी विचारलं, असं का म्हणालीस?

"त्यानं स्वतः ठरवलेली गोष्ट त्यानं कधी उकरून काढलीय?" ती म्हणाली. "मी ठरवलं असतं तर रोज काढली असती. मरेपर्यंत."

आतून युर्गेन म्हणाला, कॉफी संपलीय. मी निघालो होतो, पण ती म्हणाली राहू दे, आणि टाक्यांवर हात धरून किटली उचलून गेली.