खून केली, केला नाही

उस्मानपुऱ्यात मनकर्णाबाईंचा शिवणक्लास आहे. पाटीवर नाव 'मनकर्णाबाई' असं छापलंय, ते पेंटरनं. बाई स्वतः 'मनकर्ना' म्हणतात आणि लिहितातही तसंच. त्यांचं माहेर वैजापूरकडचं. तिकडं पानी, लोनी, कनीक सगळं 'न'वर भागलं. 'ण'वाचून कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते सुनेचं. सून मराठी घेऊन एम. ए. झालेली, शाळेत शिकवते आणि नाव संस्कृती. सासरी आल्या आल्या तिनं सांगितलं, "आई, पानी नाही, पाणी." सासूबाईंनी तांब्या पुढं केला. "आदी पी तर खरं. तहान भागती का नाय बघ."

पण 'सांगा बरं' हे अ‍ॅप सासूच्या फोनमध्ये घालून दिलं ते याच सुनेनं. लोक तिथं प्रश्न टाकतात, ज्याला येतं तो उत्तर देतो. ब्लाउजचा गळा पाठीकडं का सरकतो, बाहीला चुण्या का पडतात, मनकर्णाबाईंकडं सगळ्याला उत्तर. दुबईतल्या एका बाईचा परकर त्यांनी इथं दुपारी खाटेवर बसून दुरुस्त केला. लवकरच त्यांच्या नावापुढं 'जाणकार' असा निळा शिक्का आला. तो शिक्का त्यांनी भाजीवाल्यालाही दाखवला, आणि त्यानं शिक्क्यापायी कोथिंबीर फुकट दिली, असं त्या सांगतात.

मग करमाडच्या झेबाचा प्रश्न आला. ईद तोंडावर आलीय, नवऱ्याचा नवा कुर्ता ढगळ होतोय, काय करू? बाईंनी लिहिलं:

'नवऱ्याला कुर्ता घालून भिंतीपाशी उभा करा. हात वर करायला लावा. हलू देऊ नका. आदी दोन्ही बगलंत खून करा, मग कमरेला. खून नीट झाली की बाजूला घेऊन निवांत कापा. काम झाल्यावर खून झटकून टाका, कुनाला कळत पन नाय.'

दुसऱ्या दिवशी फोनवर लाल पट्टी. 'हिंसेस चिथावणी.' उत्तर काढलं, खातं बंद, आधीची सगळी उत्तरं झाकलेली, निळा शिक्का गायब. खाली मायेनं लिहिलं होतं, 'घरात तणाव असल्यास एकटे राहू नका.' तोवर घरात तणाव नव्हता. तो हे वाचल्यावर आला.

सुटकेच्या वाटा दोन. 'मी नियम मोडला, मला खेद आहे' हे बटण दाबायचं, की सगळं परत. नाहीतर दाद मागायची, तीही एकदाच. ती फेटाळली की खातं आणि आजवरची उत्तरं कायमची पुसली जाणार.

शेजारची सगीरा क्लासमध्ये काजबटणं करते. ती म्हणाली, "दबा दो ना बाई. क्या जाता अपना?"

"नवरा कापायला शिकवलं आसं लिहून देऊ? उद्या क्लासात कोन पोरगी पाठवंल?"

मनकर्णाबाईंचा राग आणखी एका गोष्टीचा होता. झेबाच्या त्याच प्रश्नाखाली एका गृहस्थानं लिहिलं होतं, 'अशा बायकांना दोन फटके द्यावेत, आपोआप शिवणकाम येईल.' बाईंनी त्याची रीतसर तक्रार केली होती. उत्तर आलं, 'तपासले. नियमभंग आढळला नाही.' फटक्यांचं शुद्धलेखन चोख होतं, म्हणून असेल.

रात्री जेवताना संस्कृतीही म्हणाली, "आई, दाबून टाका. नाहीतरी 'ण' चुकलाच होता."

"न चुकला आसंल. मी नाय चुकले."

पुंजाराम, म्हणजे बाईंचे यजमान, भाकरी मोडत होते. जन्मभर बायकोनं शिवलेलेच कपडे घातलेला माणूस. ते शांतपणे म्हणाले, "माझी काय तक्रार नाय. हिनं माझ्यावर शंभरदा खून केली. हाय मी आजून."

संस्कृतीचा घास हातातच राहिला. "बाबा, काय म्हणालात? केली?"

"केली. मग काय केला म्हनू? माझा खून करंल व्हय ती?"

एम. ए. ताटावरून तशीच उठली, खरकट्या हातानं नाही, धुऊन, आणि फोन घेऊन बसली. तिनं दाद लिहिली:

'आमच्याकडे खून दोन. एक केला जातो, त्याला पोलीस येतात. दुसरी केली जाते, तिला खडू लागतो. उत्तरात "खून नीट झाली" असं स्पष्ट लिहिलं आहे. ज्यांना "झाला" आणि "झाली" यांतला फरक कळत नाही, त्यांनी मराठी उत्तरं तपासू नयेत.'

मनकर्णाबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. "शेवटचं जरा लागंल त्यांना."

"लागू द्या."

"मग ऱ्हाऊ दे." दुसऱ्या दिवशी त्या क्लासात आल्या आणि सगीराला म्हणाल्या, "माझ्या सुनंनं लिहिलंय. अक्षर न् अक्षर. आन् 'न' तसाच ठिवलाय."

उत्तर यायला आठवडा गेला. बटण तेवढे दिवस स्क्रीनवर होतं. बाईंनी त्याच्याकडं बोट नेलं नाही. मग एका सकाळी शिक्का परत आला. सगळी उत्तरं परत आली, दुबईचा परकरसुद्धा. वर एक ओळ होती, 'फेरतपासणीत आपले उत्तर नियमांत बसते.' माफी नव्हती. फटकेवालाही होता तिथंच होता. आणि जाता जाता त्यांनी झेबाला दिलेल्या उत्तरात सगळीकडं 'खूण' करून ठेवलं होतं.

मनकर्णाबाईंनी चष्मा वर केला. "हे मी नाय लिहिलं."

"आई, बदललं तर परत बंद करतील."

"करू दे. माझ्या नावाखाली माझंच पायजे."

संस्कृतीनं फोन हातात घेतला. मग ज्या बोटांनी ती रोज शाळेत पोरांचे 'न' खोडून 'ण' करते, त्याच बोटांनी तिनं एकेक 'ण' खोडला, 'न' लिहिला आणि उत्तर पुन्हा टाकलं. दोघी स्क्रीनकडं बघत बसल्या. लाल पट्टी आली नाही.

आली ती झेबा. उत्तर उडायच्या आधीच तिनं ते वाचून घेतलं होतं.

'मावशी, तुम्ही सांगितलं तशी दोन्ही बगलंत खून केली. कुनाला कळलं नाय. नवरा नमाज पढून आला, आता शीरखुर्मा पितोय.'